जहाज सुटण्यापूर्वी : गोदीत जहाजावर जखमी झालेल्या कामगाराने जहाजमालकाकडून भरपाई कशी मागावी

मुंबईच्या गोदीत जहाजावर अपघात झाला की जखमीला रुग्णालयात हलवण्याची धावपळ सुरू होते आणि ते योग्यच आहे. पण त्याच क्षणी दुसरे एक घड्याळही चालू झालेले असते आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. ते घड्याळ जहाजाचे असते. इंदिरा गोदीत लोखंडी कॉइल किंवा सुटा माल उतरवणारे जहाज काही दिवस थांबते, तर न्हावा शेव्याला कंटेनर जहाज पुष्कळदा एका दिवसाच्या आत रिकामे होऊन, पुन्हा भरून निघूनही जाते. ते एकदा लॉकगेटबाहेर किंवा खाडीबाहेर पडले, की तुटलेली साखळी, गंजलेली शिडी, विंच (दोराने माल उचलण्याचे यंत्र) चालवणारा खलाशी आणि जहाजाची नोंदवही ही सगळी त्याच्याबरोबर परमुलखात जातात. पुढे न्यायालयात काय सिद्ध होईल आणि काय होणार नाही, हे बहुतेक वेळा या थोड्या तासांतच ठरते.

युनियनच्या कामात नुकतेच पडलेले प्रतिनिधी, ठेकेदारामार्फत गोदीत लागलेले कामगार, त्यांचे नातेवाईक आणि या क्षेत्रात नव्याने येणारे वकील यांच्यासाठी हा लेख आहे. तो वाचून वकिलाची गरज संपणार नाही. मात्र वकिलाकडे जाताना हातात काय असावे, आणि त्याआधी कोणती चूक करू नये, एवढे निश्चित कळेल.

आधी दोन दारे ओळखावीत

जहाजावर जखमी झालेल्या गोदी कामगारापुढे भरपाईची दोन दारे असतात. पहिले दार त्याला कामावर ठेवणाऱ्याचे, म्हणजे जहाजातला माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या स्टिव्हिडोर कंपनीचे, मजूर ठेकेदाराचे किंवा बंदर प्राधिकरणाचे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याची रचना अशी आहे की काम करताना आणि कामामुळे अपघात झाला एवढे दाखवले की पुरते. चूक कोणाची होती हे सिद्ध करावे लागत नाही. कामगार दारूच्या अमलाखाली होता, त्याने सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला किंवा संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकले, असे बचाव नियोक्ता घेऊ शकतो. परंतु मृत्यू झाला असेल किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर हे बचावही चालत नाहीत. ठेकेदार पैसे देण्याच्या स्थितीत नसेल, तर कलम १२ अन्वये ज्याने ते काम ठेक्याने दिले त्या मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते.

दुसरे दार जहाजमालकाचे. कामगार त्याच्या नोकरीत नसतो, त्यामुळे येथे दोष दाखवावा लागतो: जहाजाचे साधन सदोष होते, धोका माहीत असून सांगितला नाही, किंवा जहाजावरच्या माणसाने निष्काळजीपणा केला. हे सिद्ध करणे कठीण असते, पण रकमेला पगाराची कृत्रिम मर्यादा नसते.

नवख्या माणसाची सर्वांत महाग चूक येथेच होते. १९२३ च्या कायद्याचे कलम ३(५) असे सांगते, की कामगाराने नियोक्त्यावर *किंवा अन्य कोणावरही* त्याच दुखापतीबद्दल दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला असेल, तर त्याला या कायद्याखालची भरपाई मागता येत नाही; आणि उलट या कायद्याखाली भरपाई ठरवणाऱ्या आयुक्तांपुढे भरपाईचा अर्ज केला असेल, किंवा नियोक्त्याबरोबर या कायद्यानुसार भरपाईचा करार झाला असेल, तर दिवाणी दावा चालत नाही. म्हणजे एका दारावर थाप मारली की दुसरे बंद होते. 'आधी ठेकेदाराकडून मिळेल ते घेऊ, मग जहाजवाल्याकडे बघू' हा गोदीत सर्रास ऐकू येणारा सल्ला म्हणूनच घातक आहे. अमेरिकेत गोदी कामगाराला नियोक्त्याकडून वैधानिक भरपाई घेऊनही जहाजावर निष्काळजीपणाचा दावा लावता येतो, आणि दावा जिंकल्यास आधी मिळालेली रक्कम त्यातून वळती होते. आपल्याकडे ती सोय नाही. आपल्याकडे भरपाई दिलेल्या नियोक्त्याला मात्र कलम १३ अन्वये खऱ्या दोषी परक्याकडून ती रक्कम वसूल करता येते, आणि या विसंगतीचे मला आजही नवल वाटते.

दोन गोष्टी आधीच तपासून घ्याव्यात. कामगार राज्य विमा योजनेत असेल, तर त्या कायद्याचे कलम ५३ इतर भरपाईच्या आड येते आणि त्याची भाषा बरीच व्यापक आहे. विमा कार्ड आहे की नाही हे पहिल्याच दिवशी वकिलाला सांगावे. दुसरे म्हणजे अपघाताची तारीख. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या असून १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत आणि १९८६ चा गोदी कामगार सुरक्षा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे. त्या तारखेनंतरच्या अपघाताला कलमांचे क्रमांक बदललेले असतील. खाली मी जुन्याच क्रमांकांनी बोलतो, कारण आज चालू असलेली बहुतेक प्रकरणे आणि उपलब्ध असलेले बहुतेक निकाल त्यांच्याच भाषेत आहेत.

पहिले काही तास

रुग्णालयातून सुरुवात करावी. जखमीला आणणारा माणूस घाईत 'पडून मार लागला' एवढेच सांगतो, अपघात विभागातला डॉक्टर तेवढेच लिहितो, आणि दोन वर्षांनी विरुद्ध बाजूचा वकील तोच कागद पुढे करून विचारतो, की हा माणूस जहाजावर पडला कशावरून? म्हणून केसपेपरवर जहाजाचे नाव, हॅचचा (मालाच्या कोठाराच्या तोंडाचा) क्रमांक, वेळ आणि अपघात कसा झाला हे एका वाक्यात लिहून घ्यावे, आणि प्रकरणाची पोलिसी नोंद, म्हणजे एमएलसी, झाली आहे ना हे विचारावे.

त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या शहाण्या माणसाने पोलीस ठाण्यात जावे. मुंबई बंदरातल्या अपघातासाठी यलो गेट पोलीस ठाणे आणि जवाहरलाल नेहरू बंदरातल्या अपघातासाठी न्हावा शेवा पोलीस ठाणे गाठावे. पोलिसांकडून दोन गोष्टी हव्यात: जहाजावर जाऊन केलेला पंचनामा, आणि तुटलेल्या वस्तूची जप्ती. तुटलेला शॅकल (लोखंडी जोडकडी), सुटलेला वायररोप, फाटलेला स्लिंग (माल बांधून उचलण्याचा पट्टा) ही वस्तू स्वतःच साक्षीदार असते. ती बोलावी असे वाटत असेल तर पोलिसांच्या ताब्यात, लाखेच्या मोहोरेखाली असली पाहिजे. जहाजावरच्या लोकांनी ती 'तपासणीसाठी' बाजूला ठेवली, की ती पुन्हा दिसेलच याची खात्री नसते. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल आणि मरणोत्तर पंचनामा या दोन्हींच्या प्रती मागून घ्याव्यात.

गोदी सुरक्षा निरीक्षकालाही कळवावे. प्रमुख बंदरांतील गोदी सुरक्षेची देखरेख केंद्र सरकारच्या कारखाना सल्ला सेवा व श्रमसंस्था महासंचालनालयाकडे असून त्याचे मुख्यालय मुंबईतच, शीवला आहे. अपघात कळवणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे, परंतु युनियनने लेखी पत्र देऊन पोच घेतली तर निरीक्षक जहाज सुटण्यापूर्वी येण्याची शक्यता वाढते. त्याचा अहवाल हा कोणत्याही पक्षाचा नसलेला कागद असतो, आणि तशा कागदाचे वजन न्यायालयात वेगळेच असते.

यानंतर छायाचित्रे. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात असतो, तरी योग्य गोष्टीचे छायाचित्र निघतेच असे नाही. रक्ताचे डाग टिपण्यापेक्षा क्रेनवर किंवा डेरिकवर (माल उचलणाऱ्या जहाजाच्या दांड्यावर) रंगवलेला सुरक्षित भाराचा आकडा, हुकाची सेफ्टी कॅच, होल्डमध्ये (मालाच्या कोठारात) उतरण्याची शिडी, हॅचच्या कडेचे कठडे, दिव्यांची स्थिती, डेकवरचे सांडलेले तेल आणि माल कसा रचला होता हे टिपावे. प्रथम लांबून, मग जवळून, म्हणजे जागा ओळखू येते. मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत कमकुवत ठरते, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये द्यावे लागणारे प्रमाणपत्र त्या मोबाइलच्या धन्यालाच सहज देता येते.

टोळीतल्या सगळ्यांची नावे, गावाकडचे पत्ते आणि नंबर लिहून घ्यावेत. ठेकेदाराच्या टोळ्या बदलतात, माणसे गणपतीला कोकणात जातात आणि परत दुसऱ्याच कामावर लागतात. आदल्या पाळीच्या टोळीलाही विचारायला विसरू नये. 'ही विंच कालपासूनच घसरत होती, आम्ही मेटला (जहाजावरच्या अधिकाऱ्याला) सांगितले होते' असे सांगणारा एक माणूस मिळाला, तर अर्धे प्रकरण उभे राहते. का, ते पुढे येईल.

शेवटी सह्यांबाबत. अपघातानंतर ठेकेदाराचा माणूस, जहाजाच्या विम्याचा सर्व्हेअर आणि कधीकधी जहाजाचा अधिकारी असे तिघे वेगवेगळे इंग्रजी जबाब घेऊन येतात. त्यांतले वाक्य बहुधा एकच असते: सर्व साधने ठीक होती आणि मी स्वतःच घसरलो. वाचता न येणाऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. जबाब द्यायचाच असेल तर मराठीत किंवा हिंदीत स्वतःच्या शब्दांत द्यावा आणि त्याची प्रत घ्यावी. पंचवीस हजारांच्या तातडीच्या मदतीबरोबर आलेला असा कागद सलाइन लावलेल्या हाताने सही केलेला मी पाहिला आहे, आणि पुढची चार वर्षे त्या एका सहीचा अर्थ लावण्यात गेली.

जहाज कोणाचे, हे शोधणे

जहाजाचे नाव लिहून घेणे पुरेसे नाही. नावे बदलतात, झेंडे बदलतात. न बदलणारी गोष्ट म्हणजे जहाजाचा आयएमओ क्रमांक. हा सात अंकी क्रमांक जहाजाच्या सांगाड्यावर, बहुधा मागच्या बाजूला, कायमचा कोरलेला किंवा रंगवलेला असतो. छायाचित्र अस्पष्ट असेल तर तो पडताळण्याची एक गमतीदार युक्ती आहे: पहिल्या सहा अंकांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३ आणि २ ने गुणून बेरीज करावी, त्या बेरजेतला शेवटचा अंक हाच क्रमांकाचा सातवा अंक असला पाहिजे. ९०७४७२९ या क्रमांकात बेरीज १३९ येते, आणि शेवटचा अंक ९ जुळतो.

या क्रमांकावरून इक्वासिस या मोफत संकेतस्थळावर नोंदणीकृत मालक आणि व्यवस्थापक कंपनी सापडते. स्थानिक शिपिंग एजंटचे नाव बंदराच्या नोंदीत असते. त्याला लेखी नोटीस द्यावी, कारण मालकापर्यंत बातमी पोहोचवणारा आणि विमा संस्थेला, म्हणजे पी ॲण्ड आय क्लबला, जागे करणारा तोच असतो. मालक आणि भाडेकरू यांच्यात गल्लत करू नये. फेरीपुरते किंवा ठरावीक मुदतीसाठी जहाज भाड्याने घेणाऱ्याकडे सहसा खलाशी आणि साधने यांचा ताबा नसतो. जहाज उघडे भाड्याने घेतले असेल, म्हणजे खलाशी नेमण्यापासून सगळे भाडेकरूच पाहत असेल, तर मात्र तोच मालकाच्या जागी उभा राहतो. कोण कोण आहे हे पहिल्या आठवड्यात कळले नाही तरी चालेल. क्रमांक मात्र पहिल्या तासात हवा.

मालकाचा दोष कुठे शोधावा

या विषयावर जगभर वाचल्या जाणाऱ्या निकालात मुंबईचे एक नाव आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे 'जलरत्न' हे जहाज १९७२ मध्ये सिॲटल बंदरात गहू भरत होते. जहाजाच्या विंचचा ब्रेक नीट काम करत नव्हता आणि गव्हाची पोती पॅलेटवरून खाली सांडत होती. स्टिव्हिडोरच्या माणसांनी काम तसेच चालू ठेवले आणि अखेर काही पोती एका कामगाराच्या अंगावर पडली. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८१ मध्ये निकाल लागला. तो आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, आणि तो तिथल्या कायद्यातल्या १९७२ च्या दुरुस्तीवर आधारलेला आहे. तरीही दोष कुठे शोधावा हे समजण्यासाठी त्यात आखलेली चौकट मला सर्वांत उपयोगी वाटते.

त्या चौकटीप्रमाणे मालकाचे पहिले कर्तव्य जहाज टोळीच्या ताब्यात देतानाचे आहे: अनुभवी स्टिव्हिडोरला नेहमीची काळजी घेऊन सुरक्षितपणे काम करता येईल अशा स्थितीत जहाज आणि साधने द्यायची, आणि जो धोका सहज दिसणार नाही पण जहाजावरच्यांना माहीत आहे किंवा माहीत असायला हवा, तो सांगायचा. दुसरे कर्तव्य जहाजाने स्वतःच्या ताब्यात ठेवलेल्या भागाचे आणि कामाचे: खलाशी विंच चालवत असेल, हॅचचे झाकण बंद करत असेल किंवा बॅलास्टचे, म्हणजे जहाजाचा तोल राखण्याचे, पाणी हलवत असेल, तर त्यातल्या निष्काळजीपणाला मालक जबाबदार. तिसरे कर्तव्य अपवादात्मक आहे. एकदा काम टोळीकडे गेले की तिच्यावर देखरेख ठेवणे मालकाचे काम नाही. परंतु साधन धोकादायक झाले आहे आणि तरीही टोळी तेच वापरत आहे, हे जहाजावरच्यांना प्रत्यक्ष कळले, तर गप्प बसता येत नाही. आदल्या पाळीच्या माणसाची साक्ष मोलाची का, ते आता कळेल. 'आम्ही मेटला सांगितले होते' या एका वाक्याने दोष जहाजाच्या माहितीपर्यंत पोहोचतो.

भारतात याच्या जोडीला वैधानिक नियम आहेत. १९८६ चा गोदी कामगार (सुरक्षा, आरोग्य व कल्याण) कायदा आणि त्याखालची १९९० ची विनियमावली यांनी काही जबाबदाऱ्या थेट जहाजाचा मालक, मास्टर किंवा एजंट यांच्यावर टाकल्या आहेत. जहाजावर जाण्याची सुरक्षित शिडी, होल्डमध्ये उतरण्याचा मार्ग, जहाजाची स्वतःची उचल साधने ही त्यांतली ठळक उदाहरणे. संहिता आल्यानंतरही जुनी विनियमावली, विसंगत नसेल तेथवर, चालू राहते. नियम मोडला एवढ्याने दावा आपोआप जिंकत नाही, पण निष्काळजीपणा दाखवण्याचा तो सर्वांत सरळ रस्ता आहे.

म्हणून जहाजाकडून कोणते कागद मागायचे ते माहीत असावे. उचल साधनांची आणि मालवाहू सामग्रीची नोंदवही प्रत्येक जहाजावर असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७९ च्या १५२ क्रमांकाच्या करारानुसार क्रेन आणि डेरिकची दर पाच वर्षांनी भार लावून चाचणी व्हावी लागते आणि दर बारा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी. सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातही १ जानेवारी २०२६ पासून उचल साधनांसाठी स्वतंत्र नियम आले आहेत. नोंदवहीत शेवटची तारीख कोणती, शॅकलवरचा क्रमांक प्रमाणपत्रातल्या क्रमांकाशी जुळतो का, दुरुस्तीनंतर पुन्हा चाचणी झाली होती का, हे प्रश्न विचारावेत. डेक लॉगबुक, माल रचण्याचा आराखडा आणि जहाजाने आपल्या कंपनीला पाठवलेला अपघात अहवाल यांचीही मागणी लेखी नोंदवून ठेवावी. नकार मिळाला तरी पुढे न्यायालयाकडून ते मागवता येतात.

बंद होल्डमधला प्राणवायूचा प्रश्न वेगळा लक्षात ठेवावा, कारण तेथे दोष डोळ्यांना दिसत नाही. कोळसा, भंगार लोखंड, ओंडके असा माल बंद जागेतला प्राणवायू शोषून घेतो. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो आणि होल्डच्या शिडीच्या खोलगट भागात बराच खाली गेलेला असू शकतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. अशा प्रकरणात हवा तपासली होती का, कोणी, कोणत्या यंत्राने, आणि हॅच किती वेळ उघडा होता, हे प्रश्न सर्वांत आधी विचारावेत. मालाचा धोका जहाजाला लादतानाच कळलेला असतो, टोळीला नसतो.

कधीकधी नेमके काय बिघडले ते सांगताच येत नाही. 'घटना स्वतःच बोलते' हे तत्त्व अशा वेळी कामाला येते, आणि त्याची प्रसिद्ध मांडणीही गोदीतल्याच प्रकरणात झाली आहे: लंडनच्या सेंट कॅथरिन गोदीत क्रेनने उतरवली जाणारी साखरेची सहा पोती एका कस्टम अधिकाऱ्याच्या अंगावर पडली, आणि १८६५ च्या निकालाने म्हटले, की ज्याच्या ताब्यातले साधन, त्यानेच खुलासा करावा, कारण काळजी घेतली असता अशी पोती पडत नाहीत. मात्र साधन जहाजाच्या ताब्यात होते की टोळीच्या, हा वाद येथे कळीचा ठरतो. क्रेन जहाजाची पण चालवणारा टोळीचा, हे मुंबईत नेहमीचे चित्र आहे. त्यामुळे बिघाड यंत्राचा की हाताचा, हे वेगळे करून दाखवावे लागते.

कामगाराची स्वतःची चूक निघाली म्हणून घाबरून जाऊ नये. हेल्मेट नव्हते, सिग्नलमनकडे लक्ष नव्हते, असे आरोप होणारच. न्यायालय दोषाची वाटणी करते आणि त्या प्रमाणात रक्कम कमी करते.

रकमेचा हिशेब

दार निवडण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे आकडे कागदावर मांडावेत. उदाहरणासाठी ४० वर्षांचा, महिना ३०,००० रुपये कमावणारा कामगार घेऊ, ज्याचा अंगठा गेला आहे.

पहिल्या दारावर मासिक वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी १५,००० रुपयेच धरले जाते. ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची आहे. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. चाळिसाव्या वर्षी हा गुणक १८४.१७ आहे, म्हणून पूर्ण रक्कम १६,५७,५३० रुपये होते. अंगठा जाणे म्हणजे परिशिष्टाप्रमाणे कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट, म्हणून हातात ४,९७,२५९ रुपये. मृत्यू झाला तर ६० ऐवजी ५० टक्के धरतात आणि रक्कम १३,८१,२७५ रुपये होते. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो. पैसे देय झाल्यापासून महिनाभरात दिले नाहीत, तर १२ टक्के व्याज आणि योग्य कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो.

दुसऱ्या दारावर खरे वेतन धरले जाते. मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली गुणक पद्धत इतर अपघातांतही मार्गदर्शक म्हणून वापरली जाते. तिच्यात ३६ ते ४० वयासाठी गुणक १५ आहे. वर्षाचे ३,६०,००० रुपये गुणिले १५ म्हणजे ५४ लाख, आणि ३० टक्के घट धरली तर १६,२०,००० रुपये. वेदना, पुढील उपचार, कमाईतली संभाव्य वाढ यांची मागणी वेगळी. अंगठ्याऐवजी उजव्या हाताचे मनगट गेले असेल आणि क्रेन चालवणे हेच त्या माणसाचे काम असेल, तर प्रत्यक्ष घट कितीतरी मोठी दाखवता येते.

माझा ढोबळ नियम असा: दुखापत लहान, पगार मर्यादेच्या आसपास आणि जहाजाचा दोष धूसर असेल, तर पहिले दार बरे. मृत्यू किंवा मोठे अपंगत्व, चांगला पगार आणि जहाजाच्या साधनातला दोष पुराव्यानिशी हातात असेल, तर दुसरे. मधल्या प्रकरणांत घरची परिस्थिती पाहावी लागते. शाळेची फी भरायची आहे आणि दुसरा कमावता कोणी नाही, अशा घराला सहा वर्षांनंतरचे सोळा लाख देऊन काय उपयोग, हा प्रश्न वकिलाने अशिलाला मोकळेपणाने विचारला पाहिजे.

जहाज अटकवणे

दुसरे दार निवडले, तर परदेशी मालकाच्या मागे पनामा किंवा लायबेरियापर्यंत धावावे लागत नाही. २०१७ चा ॲडमिरल्टी (सागरी दाव्यांचा) कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे, आणि जहाज चालवण्याशी थेट संबंध असलेली जीवितहानी किंवा शारीरिक इजा हा त्याच्या कलम ४ खालचा सागरी दावा आहे. असा दावा थेट जहाजाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाखल करून जहाज अटकवण्याचा आदेश मागता येतो. आदेश मुंबईच्या शेरीफमार्फत बजावला जातो, बंदर आणि कस्टमला कळवले जाते, आणि जहाजाला सुटण्याची परवानगी मिळत नाही. जहाज राज्याच्या सागरी हद्दीत असतानाच हे करता येते.

त्याहून महत्त्वाचे कलम ९. सातबाऱ्यावर जसा बोजा चढतो, तसा या इजेच्या दाव्याचा बोजा जहाजावर चढतो. प्राधान्यक्रमात खलाशांच्या पगारानंतर लगेच याचाच क्रमांक लागतो. जहाज विकले, नाव किंवा झेंडा बदलला, तरी बोजा राहतो. पण तो एका वर्षातच संपतो, जोपर्यंत त्याआधी जहाज अटकवून पुढची विक्रीची प्रक्रिया होत नाही. इतर मुदती लांब आहेत: आयुक्तांपुढच्या अर्जाला दोन वर्षे, प्राणघातक अपघात कायद्याखालच्या वारसांच्या दाव्याला दोन वर्षे, जखमीच्या साध्या दिवाणी दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षे. नवख्याने या सगळ्या विसरून एकच वर्ष ध्यानात ठेवावे. जहाज निघून गेले असेल, तर ते पुन्हा केव्हा येते यावर लक्ष ठेवावे. त्याच मालकाचे दुसरे जहाज न्हावा शेव्याला लागले, तर कलम ५ अन्वये तेही अटकवता येऊ शकते.

हे हत्यार जपून वापरावे. अटक चुकीची ठरली तर झालेले नुकसान भरून देण्याची हमी न्यायालय मागू शकते, आणि मोठ्या जहाजाचा एका दिवसाचा खोळंबाही फार महाग असतो. प्रत्यक्षात अटकेची तयारी झाल्याचे कळताच क्लबचा वकील पुढे येतो आणि क्लबचे हमीपत्र किंवा बँक गॅरंटी देऊन जहाज सोडवतो. तेथून दावा त्या हमीवर चालतो. जहाजाच्या टनावर आधारित मर्यादित दायित्वाचा बचावही मालक घेऊ शकतो, पण एका माणसाच्या दाव्यात ती मर्यादा क्वचितच आड येते.

वकिलाच्या फीची चिंता असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करताना ॲडमिरल्टीचे काम केलेला वकील हवा, असे स्पष्ट लिहावे.

तडजोडीचा कागद

बहुतेक प्रकरणे तडजोडीत संपतात. येथे तीन गोष्टी पाहाव्यात. संमतीपत्रात जहाजाच्या नावाबरोबर आयएमओ क्रमांक आणि दुखापतीचे वर्णन असावे. 'सर्व प्रकारचे, सर्वांविरुद्धचे, भविष्यातील सर्व दावे' अशी भाषा असेल, तर ती कामगाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवावी, आणि पायाची आणखी एखादी शस्त्रक्रिया बाकी असेल तर तिचा खर्च आधीच आकड्यात धरावा. मृत्यूच्या प्रकरणात विधवा, अज्ञान मुले आणि गावी राहणारे आईवडील यांचे हिस्से त्याच कागदात लिहावेत, नाहीतर पुढचा वाद घरातच सुरू होतो. आणि क्लबचे मूळ हमीपत्र किंवा बँक गॅरंटी रक्कम खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्याचे पासबुकात पाहिल्यावरच परत करावी. परदेशातून येणाऱ्या पैशाला कागदपत्रांपायी कधी आठवडेही लागतात, आणि तेवढे दिवस तो हमीचा कागद वकिलाच्या कपाटातच राहू द्यावा.